मोडलं कुणी?

कोशाच्या कचेरीत पाऊल टाकल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच मास्तर जमिनीवर होते.

त्याचं असं झालं. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, एका छापखान्याच्या डोक्यावर. खाली यंत्रं सुरू झाली की वर टेबलावरचे कप थरथरायचे. तीन खोल्या, भिंतभर कागदाच्या चिठ्ठ्यांचे खण, आणि चार वर्षं चाललेलं एकच काम – इंग्रजी-मराठी शब्दकोशाची नवी आवृत्ती. मुख्य संपादक अण्णा सत्तरीच्या पलीकडचे, कानात यंत्र. संगणकावर मजकूर उतरवणाऱ्या काकू, आणि सहायक संपादक ती. बोलताबोलता मध्येच थांबायची तिला सवय होती, म्हणून अण्णांनी तिचं नाव 'स्वल्पविराम' ठेवलं. काकूंच्या तोंडी त्याचं 'स्वल्पा' झालं, आणि मग तेच राहिलं.

कचेरीत एक खुर्ची होती. तिचा एक पाय ढिला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. त्या सकाळी ओली छत्री हातात धरून एक उंच, सडपातळ माणूस आत आला, ती खुर्ची ओढली, आणि बसला.

कडाड!

"तुम्ही खुर्ची मोडलीत!" स्वल्पा म्हणाली. लागलं का, हे विचारायच्या आधी तिच्या तोंडून हेच निघालं.

"मी कुठे मोडली?" जमिनीवरून उत्तर आलं. "मी बसलो. खुर्ची मोडली."

"तुम्ही बसलात म्हणून मोडली."

"म्हणजे मी फार तर निमित्त झालो. मोडणारा नाही झालो." त्याने छत्रीच्या टोकाने चष्मा जवळ ओढला, डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग जरा वेळ तसाच पाहत राहिला. "आता... हात देता का?"

तिने हात दिला. तो हात पावसाने गार पडला होता. तिने सोडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण जरा उशिराच सोडला.

आतल्या खोलीतून अण्णा ओरडले, "मास्तर आले वाटतं! उत्तम! 'ब्रेक' हे क्रियापद तुम्हांलाच द्यायचं होतं."

दहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून तो या कामावर आला होता, म्हणून मास्तर. अर्थ निवडून वेगळे करायचे मास्तरांनी, मराठी प्रतिशब्द आणि उदाहरणं द्यायची स्वल्पाने, अशी वाटणी ठरली. 'ब्रेक'चे लहानमोठे साठेक अर्थ होते. दोघांची टेबलं समोरासमोर आली.

"काच?" मास्तर विचारायचे.

"फुटते."

"दोरा?"

"तुटतो."

"काठी?"

"मोडते."

"पोरसवदा मुलाचा आवाज?"

"फुटतो. मिसरूडही त्याच सुमाराला फुटतं."

"दिवस?"

"दिवस उजाडतो. अगदी लवकर असेल तर फटफटतं."

"घोडा?"

"त्याला वठणीवर आणतात." तिने मान वर न करता विचारलं, "का? तुम्हांला कुणी आणलं नाही वाटतं अजून?"

"प्रयत्न चालू आहेत," मास्तर म्हणाले, आणि पुढची चिठ्ठी उचलली. "मन?"

ती थांबली. "मन... मोडतं. म्हणजे कुणी मागितलं आणि आपण नाही म्हटलं, की त्याचं मन मोडलं. पण इंग्रजीतलं ते 'हार्ट' असतं ना, ते भंगतं. पण 'माझं हृदय भंगलं' असं कुणी चहा पिताना बोलत नाही."

"मग काय बोलतात?"

"काहीच बोलत नाहीत," ती म्हणाली. "गप्प बसतात."

मास्तरांची आणखी एक तऱ्हा होती. प्रत्येक अर्थासाठी ते कागदावर रकाने पाडत. करणारा कोण, कशाने केलं, कुणावर बेतलं. "हे बघा. मुलाने काच फोडली. दगडाने काच फुटली. आणि काच फुटली. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद. मराठीत मात्र करणारा असला तर फोडली, नसला तर फुटली. दोन अक्षरांच्या फरकाने गुन्हेगार सापडतो."

"सगळीकडे नाही सापडत," ती म्हणाली. "मी काठी मोडली. आणि, काठी मोडली. दोन्हीकडे मोडलीच."

मास्तरांनी रकान्यावर पेन्सिलीने फुली मारली. "खरंय. 'मोडणं' लबाड आहे. करणाऱ्याला लपायला जागा देतं."

एवढं बोलून त्यांनी कागद उलटा ठेवला. त्यांचा चेहरा का उतरला, ते तिला तेव्हा कळलं नाही.

दिवस छान चालले होते. तिचा चष्मा हरवला की मास्तर काही न बोलता स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवायचे – मग तिला तो आपल्या डोक्यावर सापडायचा. ते चहावर दोनदा फुंकर घालायचे, मोजून दोनदा. तिसऱ्या आठवड्यात तिच्या ध्यानात आलं, आपणही दोनदाच फुंकर घालतोय. घरी वहिनीने विचारलं, "काय गं, हल्ली कचेरीत जाताना कानातलं बदलतेस रोज?" ती म्हणाली, "जुनं टोचतं." दादाने वर्तमानपत्र जरा खाली घेतलं, वहिनीकडे पाहिलं, आणि पुन्हा वर घेतलं.

मग चित्रकार आली.

कोशात काही चित्रं घालायची होती – होड्यांचे प्रकार, दोरीच्या गाठी, फुलांचे भाग. त्यासाठी अण्णांनी तिला बोलावलं होतं. आखूड केस, नखांत निळा रंग, काखेत भलीमोठी फाइल. दारातच ती थबकली आणि मास्तरांकडे बघून म्हणाली, "अरे, तू इथे? मला वाटलं मेलास की काय!"

मास्तरांचे कान लाल झाले. "बरी आहेस?" एवढंच म्हणाले.

"मी बरीच असते," ती हसली. खोलीभर हसली. स्वल्पाला आजवर माहीत नव्हतं, हसण्याने एखादी खोली इतकी भरू शकते. मग चित्रकार मास्तरांच्या टेबलाच्या कडेवर बसली, होड्यांविषयी बोलू लागली, आणि बोलताबोलता त्यांचा कप उचलून त्यातला चहा प्यायली. एक घोट. मग आणखी एक. मास्तरांनी कप परत मागितला नाही.

स्वल्पाने हातातली चिठ्ठी चुकीच्या खणात टाकली.

दुपारी ती काकूंच्या टेबलापाशी गेली. सहज गेल्यासारखं दाखवत टाचण्यांची डबी उचलली. "ही चित्रकार... मास्तरांच्या ओळखीची दिसते."

काकूंनी कळफलकावरची बोटं थांबवली. "अगं, ओळखीची काय! हिच्याशीच लग्न ठरलं होतं त्याचं. माझी भाची त्यांच्या शेजारी राहते ना. चार वर्षं झाली. तीन आठवड्यांवर आलं होतं, पत्रिका छापून आल्या होत्या, आणि मोडलं."

"कुणी मोडलं?"

"ते काही कळलं नाही बाई. मोडलं, एवढंच."

मोडलं! कुणी? त्या रात्रीचं जेवण स्वल्पाला गेलं नाही. तिने मोडलं असेल, तर हा अजून झुरत असणार. त्याशिवाय का आपल्या कपातला चहा पिऊ दिला? त्याने मोडलं असेल, तर हा मोडणारा माणूस. आज एकीचं, उद्या दुसरीचं. आणि आपोआप मोडलं असेल तर... जे आपोआप मोडतं ते आपोआप जुळायला किती वेळ लागतो? तिन्हीकडून तिचाच जीव जळत होता. आणि गंमत म्हणजे, विचारायचा हक्क काय, तर काहीच नाही. कुणी तिला काही कबूल केलं नव्हतं. तिनेच स्वतःशी सगळं ठरवून टाकलं होतं.

चित्रकार आठवड्यातून दोनदा येऊ लागली. ती आली की स्वल्पाला आपले हात जाड वाटायचे, ओढणी विटकी वाटायची, आवाज चिरका वाटायचा. वाईट म्हणजे बाई स्वभावाने चांगली होती. एकदा तिने स्वल्पासाठी पेन्सिलीने एक छोटं कबूतर काढून दिलं. स्वल्पाने 'छान आहे' म्हटलं आणि ते कागदांच्या ढिगाखाली सरकवलं. माणूस दुष्ट असला तर बरं असतं. निदान मनापासून राग तरी करता येतो.

तो सगळा राग उदाहरणांत उतरू लागला. एका दुपारी अण्णा तिच्या चिठ्ठ्या हातात घेऊन बाहेर आले, चष्मा कपाळावर, आणि मोठ्याने वाचू लागले: "'तिने त्याचा विश्वास तोडला.' ठीक. 'काही बायका जातील तिथे घरं फोडतात.' हं. 'तिने न विचारता त्याच्या शांततेचा भंग केला आणि वर चहा प्यायली.'" त्यांनी चिठ्ठी खाली घेतली. "पोरी, हे उदाहरण आहे की फिर्याद?"

काकू तोंडावर हात ठेवून हसल्या. मास्तर हसले नाहीत. अण्णा आत गेल्यावर हलकेच म्हणाले, "तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"मी कोण रागावणारी?"

"तेच विचारतोय," ते म्हणाले. "तुम्ही कोण?"

त्यांचे डोळे हसत नव्हते. उत्तराची वाट बघत होते. तिच्या घशाशी शब्द आला, आणि... नेहमीसारखी ती थांबली. खाली छापखान्यात यंत्र सुरू झालं, कप थरथरले, आणि तो क्षण गेला.

शुक्रवारी मास्तर मुद्रितं आणायला खाली गेले होते, काकू रजेवर होत्या. चित्रकार घाईघाईने आली. त्या दिवशी ती हसत नव्हती, पण हे स्वल्पाला नंतर आठवलं. तिने घडी घातलेला एक कागद पुढे केला. "तो नाही का? मला थांबता येत नाहीये. एवढं त्याला देशील? आजच दे हं. नक्की."

"देते," स्वल्पा म्हणाली.

कागद हातात राहिला. पातळ, चौपदरी घडी. आतल्या शाईची निळी सावली दिसत होती. तिने तो उघडला नाही. उघडला असता तर पुढचं काही झालंच नसतं. पण तिला वाटलं, आत काय असणार ते आपल्याला ठाऊक आहे. 'ये. मी वाट बघते.' दुसरं काय लिहिणार? जिन्यावर मास्तरांची पावलं वाजली. तिने कागद पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"कुणी आलं होतं?" मास्तरांनी मुद्रितं टेबलावर ठेवत विचारलं.

"कुणी नाही."

ते तिच्या टेबलाशी घुटमळले. "उद्या दुपारी... म्हणजे तुम्हांला वेळ असेल तर... पुलापलीकडे ती बाग आहे ना, तिथे... मी तिकडे नेहमी जातो असं नाही, पण..."

"स्वल्पविराम कोण आहे इथे, तुम्ही की मी?" ती म्हणाली.

ते खळखळून हसले. तिला इतका आनंद झाला, की पर्समधल्या कागदाचा तिला पार विसर पडला. म्हणजे, जवळजवळ पार.

शनिवारी चार वाजता ते बागेत भेटले. सकाळी पाऊस येऊन गेला होता, बाकांवर पाणी साचलं होतं. मास्तरांनी रुमालाने बाक पुसला, रुमाल पिळला, पुन्हा पुसला. नदीत दोन मुली होडी वल्हवत होत्या, आणि होडी जागच्या जागी गोल फिरत होती. दोघं दाणे खात बसले. मास्तरांच्या बोटांना तिची बोटं पुडीत दोनदा लागली... तिसऱ्यांदा कुणीच बोट मागे घेतलं नाही.

"मला तुम्हांला एक सांगायचंय," मास्तर म्हणाले. "माझं लग्न ठरलं होतं."

"ठाऊक आहे. मोडलं."

"हो," ते नदीकडे बघत म्हणाले. "मोडलं."

तिला विचारायचं होतं, कुणी? प्रश्न अगदी ओठांवर होता. पण मांडीवरची पर्स एकाएकी जड वाटू लागली, आणि तिने विचारलं, "दाणे संपले का?"

सहा वाजता ते उठले. पुलापर्यंत सोबत चालले. निरोप घेताना मास्तर म्हणाले, "आजच्यासारखी शनिवारची दुपार मला कधी मिळाली नव्हती." ती घरी आली ती जणू पाय जमिनीला न लागता. दिवेलागणीला तिने पर्स आवरायला काढली, तो कागद हाताला लागला, आणि आता आपण जिंकलोच आहोत अशा तोऱ्यात तिने तो उघडला.

'बाबांचं सोमवारी सकाळी हृदयाचं ऑपरेशन आहे. मोठं आहे. शनिवारी चार ते सहा भेटायला सोडतात, नंतर नाही. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून तुझं नाव काढलं. तुला बघायचंय म्हणतात. ये रे.'

चार ते सहा.

वहिनी आत आली तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसून होती. "काय झालं गं? पांढरीफटक पडलीस!" स्वल्पाने सगळं सांगितलं. वहिनीने कागद वाचला, परत दिला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागावली नाही. म्हणाली, "आता उद्या सकाळी उठून जा. आणि गोल गोल बोलू नकोस."

मास्तर एका शिंप्याच्या दुकानावर खोली घेऊन राहत. रविवारी आठ वाजता स्वल्पा जिना चढली तेव्हा ते खिडकीत ओले शर्ट वाळत घालत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की तिला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"तुमची एक चिठ्ठी होती," ती म्हणाली. "शुक्रवारी आली होती. द्यायची राहिली."

"असू दे. त्यात काय—"

"राहिली नाही." तिने श्वास घेतला. "मी ठेवली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. मी दिली नाही."

मास्तरांनी कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. शर्टाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान होता.

"जळफळाट झाला माझा. ती तुमच्या कपातला चहा प्यायली म्हणून."

वेगळ्या दिवशी कदाचित दोघं हसले असते. मास्तरांनी शर्ट चढवला, गुंड्या वरखाली लावल्या आणि जिन्याकडे धावले. "मी येते," ती म्हणाली. "नको," ते म्हणाले. तरीही ती रिक्षात त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि त्यांनी उतर म्हटलं नाही. वाटेत पुन्हा पाऊस लागला. दोघं दोन बाजूंनी बाहेर बघत होते.

रुग्णालयाच्या लांब बोळात चित्रकार बाकावर बसली होती. मास्तरांना बघून उठली. "आज आलास? काल सहा वाजेपर्यंत बाबा दाराकडे बघत होते."

मास्तरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी स्वल्पा बोलली. "त्यांना माहीतच नव्हतं. चिठ्ठी मी दिली नाही. मुद्दाम."

चित्रकाराने तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ती तडक नर्सच्या टेबलाशी गेली. बरीच विनवणी केली. नर्स म्हणाली, "दहा मिनिटं. आणि त्यांना दमवायचं नाही."

दार अर्धवट उघडं राहिलं. आत खाटेवरचे बाबा म्हणजे मास्तरांचे जुने सर. शाळेत मास्तरांना इंग्रजी शिकवलं ते त्यांनी, आणि जावई म्हणून निवडलं तेही त्यांनीच. बाहेर बाकाच्या दोन टोकांना बसलेल्या दोघींना आतलं सगळं ऐकू येत होतं.

"चार वर्षं सगळे मला सांगतात, मोडलं," आवाज थकलेला, पण शिक्षकाचाच होता. "लग्न म्हणजे काय जुनी खाट, की हात न लावता मोडली? कुणी मोडलं?"

"मी, सर."

"पूर्ण वाक्य बोल."

आत मास्तरांची पावलं खाटेजवळ गेली. "मी लग्न मोडलं. तुम्हांला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून हो म्हटलं. मग तिला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पत्र टाकलं. आणि तुम्हांला तर तेही टाकलं नाही. विचारणाऱ्याला सांगत राहिलो, मोडलं म्हणून."

"हं," सर म्हणाले. "एवढंच ऐकायचं होतं. इकडे बस. आणि त्या गुंड्या नीट लाव."

बाहेर चित्रकाराने डोळे पुसले. मग स्वल्पाकडे वळली. "तुला काय वाटलं, मला तो परत हवाय?"

स्वल्पाने होकारार्थी मान हलवली.

"अगं, फुकट दिला तरी नको. तेव्हा रडले, वर्षभर रडले. मग चित्रं काढली. आता मला तो कशाला!" ती थांबली. "पण काल बाबा दोन तास दाराकडे बघत होते. त्याबद्दल मी तुला लगेच माफ करणार नाहीये."

"नका करू," स्वल्पा म्हणाली.

"किती दिवस नाही, ते बघू."

सोमवारचं ऑपरेशन नीट पार पडलं. हे तिला काकूंकडून कळलं. कारण मास्तर बोलत नव्हते. 'नमस्कार', 'ही चिठ्ठी', 'तो खण' – यापलीकडे एक शब्द नाही. चष्मा हरवला तर ती स्वतःच शोधायची. पाच वाजले की मास्तर पिशवी उचलून रुग्णालयात जायचे, आणि तिला ठाऊक असायचं, तिथे चित्रकारही असणार. सगळं कळूनही मत्सर गेला नव्हता. ती दोघं एका खाटेच्या दोन बाजूंना बसलेली तिला दिसायची, सर काहीतरी बोलतायत, दोघं हसतायत. फक्त आता तिला या मत्सराची लाजही वाटायची.

पुढच्या बुधवारी, मास्तरांच्या आधी, दुपारच्याच भेटीच्या वेळेला ती एकटी सरांकडे गेली. उशांना टेकून बसलेले सर म्हणाले, "तू कोण?"

"चिठ्ठी न देणारी."

सर तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम हसू लागले. टाके दुखले, तशी छातीवर उशी दाबून धरली आणि तरीही हसत राहिले. "अस्सं! कपातल्या चहावरून! त्याने सांगितलं मला." मग गंभीर झाले. "वाईट केलंस."

"हो. मी केलं."

"तो चार वर्षं घेतो असं म्हणायला. तू किती घेतलीस?"

"एक रात्र."

"मग त्याला तूच शिकव," सर म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. "जा आता. आणि ते संत्रं सोलून ठेवून जा."

रविवारी सकाळी तिच्या घराची घंटा वाजली. दादाने दार उघडलं. दारात मास्तर. इस्त्रीचा शर्ट, सगळ्या गुंड्या जागच्या जागी, हात रिकामे. दादाने त्यांना आपादमस्तक पाहिलं, "या, बसा" म्हटलं, वर्तमानपत्र उचललं आणि कधी नव्हे ते आतल्या खोलीत जाऊन वाचायला बसला. वहिनी स्वयंपाकघरात दुधापाशी होती.

"मला तुमचा राग आला होता," मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले. "खूप आला होता."

"यायलाच हवा."

"आठ-दहा दिवस मी तो सांभाळला. मग बुधवारी सर म्हणाले, ती येऊन गेली, संत्रं सोलून गेली. तेव्हापासून तो सांभाळायला जड जातोय." ते थांबले. "आणि त्यात... तुम्ही मला आवडता. ते रागाच्या आधीपासून आहे. रागातही होतं."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. "आणि ती?"

"ती म्हणते, तुम्हांला अजून सहा दिवस माफ करणार नाही. मग तुमच्याबरोबर चहा पिणार आहे. स्वतःच्या कपातून."

स्वल्पाला हसू आलं. डोळेही भरून आले. दोन्ही एकदमच, त्यामुळे काय लपवावं ते तिला कळेना. "हे तुमचं 'तुम्ही मला आवडता' मात्र चालायचं नाही," ती म्हणाली.

"का?"

"त्यात तुम्ही काहीच करत नाही. आवडते मी. म्हणजे जे काय करायचं ते मीच करायचं. तुम्ही आपले 'मला' म्हणून बाजूला बसलेले."

मास्तर क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू हळूहळू आलं, जे तिला पंधरा दिवस दिसलं नव्हतं. "मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू? मास्तर तुम्ही आहात."

ते दोन पावलं पुढे आले. तिचा हात हातात घेतला. या खेपेला त्यांचा हात गरम होता. "मी विचारतो," ते म्हणाले. एकेक शब्द वेगळा, अडखळत, पण शेवटपर्यंत. "मी, तुम्हांला, विचारतो. माझ्याशी लग्न कराल?"

ती थांबली. सवयच होती तिची. आतल्या खोलीत वर्तमानपत्र सळसळायचं थांबलं. एक क्षण गेला... दुसरा गेला...

"अगं हो म्हण लवकर!" स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली. "इथे कान लावून उभी आहे मी, आणि दूध चाललंय उतू!"

"हो," स्वल्पा म्हणाली.